रोगमुक्तीनंतरचे आयुष्य : ढोकी-बार्शी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

लातूर-कुर्डुवाडी लोहमार्गावरील ढोकी हे गाव धाराशिव तालुक्यात येते. ज्या तगर नगराचा निर्देश 'पेरिप्लस'कार आणि टॉलेमी करतात ते तेर, म्हणजेच गोरोबाकाकांचे तेर, ढोकीच्या शेजारी आहे. आणि तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ढोकीचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र अशा गावांना सहसा स्थान मिळत नाही. रुग्णालयांचा इतिहास शहरांचा असतो आणि साथीच्या रोगांचा इतिहास सरकारी दप्तरांचा. एखाद्या मुलाला कर्करोग झाला, त्याचे उपचार दूरच्या शहरात पुरे झाले आणि ते मूल गावी परत आले, तर तेथून पुढचा इतिहास कोणी लिहावयाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे. कर्करोगाच्या उपचाराचा इतिहास मराठी मुलुखात साधारणपणे तीन टप्प्यांत घडला, असे म्हणावयास हरकत नाही. रोग बरा करण्याची सोय झाली तो पहिला टप्पा. रोगाची मोजदाद करण्याची आणि तो वेळेवर ओळखण्याची पद्धत रुजली तो दुसरा. जो बरा झाला त्याच्या पुढील आयुष्याची काळजी वाहावयास हवी, हा विचार उदयास आला तो तिसरा. पहिला टप्पा परळला सुरू झाला आणि काही अंशी बार्शीपर्यंत आला. दुसऱ्या टप्प्यात बार्शी व धाराशिव या भागाचे कार्य भारतातच नव्हे तर जगातही नावाजले गेले. तिसरा टप्पा पुन्हा परळलाच सुरू झाला. परंतु तो अद्याप ढोकीसारख्या गावापर्यंत पुरता पोहोचलेला नाही. असे का झाले याचा शोध घेतल्यास केवळ वैद्यकाचेच नव्हे तर समाजाचे आणि भाषेचेही काही धागे हाती लागतात.

२. 'वाचला' या शब्दाविषयी

प्रथम भाषेचा विचार करणे इष्ट होईल. मराठीत 'वाचणे' ही दोन क्रियापदे उच्चाराने एक आहेत, व्याकरणाने मात्र भिन्न आहेत. 'मुलाने पुस्तक वाचले' या वाक्यात मुलगा कर्ता असून तृतीयेचा 'ने' त्याच्या कर्तेपणाची साक्ष देतो. 'मुलगा दुखण्यातून वाचला' या वाक्यात तो 'ने' नाही. क्रियापद अकर्मक आहे. मुलगा येथे काही करीत नाही, त्याच्या बाबतीत काही घडते. कोणी वाचविले, देवाने की डॉक्टरने, हा प्रश्न वाक्याबाहेर राहतो. शिवाय हे क्रियापद बहुधा भूतकाळातच वापरले जाते. 'वाचला' म्हटले की प्रकरण संपले. वाचल्यानंतर तो कसा जगतो आहे, हे सांगण्यासाठी निराळे वाक्य रचावे लागते आणि ते वाक्य सहसा रचले जात नाही.

या भागातील बोलीत असाध्य रोगाला 'वंगाळ दुखणं' म्हणण्याचा प्रघात आहे. रोगाचे खरे नाव शक्यतो उच्चारले जात नाही. 'दुखण्यातून उठला', 'पुनर्जन्म झाला' हे प्रयोग रोगमुक्तीसाठी रूढ आहेत. याहून अर्थपूर्ण अशी एक म्हण आहे : 'जिवावरचे बोटावर निभावले.' मोठे संकट लहानशा हानीवर भागले, असा तिचा आशय. या म्हणीत कृतज्ञता आहे आणि व्यवहाराचे शहाणपणही आहे. परंतु तीत एक गर्भित आदेशही दडलेला आहे : जीव राहिला, तेव्हा बोटाविषयी तक्रार करू नये. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांच्या बाबतीत समाजाने नेमकी हीच भूमिका घेतली, आणि दीर्घकाळ वैद्यकानेही तीच घेतली. पुढील सर्व इतिहास म्हणजे 'बोटा'ची किंमत हळूहळू ओळखली जाण्याचा इतिहास होय.

अलीकडे वृत्तपत्रांतून 'कर्करोगविजेता' व 'कर्करोगयोद्धा' हे शब्द दिसू लागले आहेत. त्यांनी रोगमुक्ताला पुन्हा कर्ता केले, हा त्यांचा गुण. पण जो जिंकला त्याला विजेता म्हणावयाचे, तर जे मूल गेले ते हरले असे म्हणावे लागते, आणि कोणतीही आई ते मान्य करणार नाही. म्हणून या निबंधात 'रोगमुक्त' हा साधा शब्द योजिला आहे. तोही सर्वस्वी निर्दोष नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. परळची वाट

टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या घटनेतून या रुग्णालयाच्या कल्पनेला चालना मिळाली आणि टाटा विश्वस्त निधीने ते उभारले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुशक्ती विभागाकडे गेले.

त्या काळी ढोकी निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होती. दोहोंमधील सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. तरीही एक धागा ही सरहद्द ओलांडून जात होता, तो म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने योजिलेली, अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी धावू लागली; १९०७ साली ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत वाढविण्यात आली. ढोकीचा रोगी मुंबईस जावयाचा तर या गाडीने कुर्डुवाडी गाठून तेथे मोठ्या मापाची गाडी धरणे हा त्याचा मार्ग होता. पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. रुळांचे रुंदीकरण मात्र २००७-०८ पर्यंत लांबले. राज्ये बदलली तरी रोग्याची वाट दीर्घकाळ तीच राहिली.

मुलांच्या कर्करोगाविषयी सांगावयाचे तर १९४१ साली बरा करण्याजोगा असा भाग फारच थोडा होता. रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. १९४८ साली बॉस्टन येथे सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध मुलांना देऊन रोग काही काळ मागे हटतो असे दाखविले. ज्या प्रयोगशाळेतून हे औषध आले तेथील संशोधनाचे सूत्रधार येल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे होते, ही गोष्ट येथे नमूद करावयास हवी. पुढील दोन-तीन दशकांत अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सिद्ध झाली आणि १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत या रोगाची सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली.

भारतात हे यश उशिरा आले. १९८३ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर देशातील पहिले अस्थिमज्जा-रोपण केले. १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एमसीपी ८४१' ही उपचारपद्धती मुंबई, दिल्ली व मद्रास येथे अवलंबिण्यात आली. रक्ताच्या तीव्र लसिका-कर्करोगातून बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण, जे पूर्वी एकपंचमांशाच्या आसपास होते, ते या पद्धतीमुळे निम्म्याजवळ येऊन ठेपले. याचा परिणाम असा की, १९९० च्या सुमारास भारतात प्रथमच असा एक वर्ग निर्माण झाला, जो यापूर्वी अस्तित्वातच नव्हता : बालपणी कर्करोग झालेले आणि तारुण्यात पदार्पण करणारे लोक.

४. बार्शीची गणना

दुसरा टप्पा मोजदादीचा. इंडियन कॅन्सर सोसायटी ही संस्था डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ साली स्थापन झाली आणि तिने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू केली. अशा नोंदणीचा हेतू असा की, रुग्णालयात आलेल्या रोग्यांचीच नव्हे तर एका ठराविक प्रदेशातील सर्व रोग्यांची गणना व्हावी. शहरात हे शक्य होते, कारण तेथे रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदीची दप्तरे होती. खेड्यात यांपैकी काहीच नव्हते.

ही अडचण ओलांडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न बार्शीस झाला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा व भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. डॉ. भगवान नेने व संख्याशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. कागदपत्रे नसलेल्या मुलुखात नोंदणी करावयाची तर नोंदणी करणाऱ्यानेच गावोगाव हिंडले पाहिजे, ही येथील पद्धत. कार्यकर्ते ठरलेल्या वेळी गावात जात, लोकांशी बोलत, रोगाची पूर्वचिन्हे समजावून सांगत आणि संशयित रोग्यास तपासणीसाठी बार्शीस येण्याचा आग्रह धरीत. गणना करणारा मनुष्यच येथे शिक्षकही झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी यामुळे पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, असे या मंडळींनी १९९५ साली दाखवून दिले. ढोकी या तीन तालुक्यांच्या बाहेर होती. पुढे उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांसाठी नोंदणी सुरू झाली तेव्हा ती तिच्या कक्षेत आली.

याच पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था हे त्याचे चालक होते. जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. एका विभागात पॅपिलोमा विषाणूची, दुसऱ्यात पेशींची आणि तिसऱ्यात नुसत्या डोळ्यांनी करावयाची अशी तपासणी एकदा करण्यात आली. चौथ्या विभागातील ३१,४८८ स्त्रियांना माहिती व नेहमीची सेवा एवढेच मिळाले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या अवधीत विषाणू-तपासणीच्या विभागात या रोगाने ३४ आणि तपासणी न झालेल्या विभागात ६४ मृत्यू झाले. या एका पुराव्याने जगभरच्या धोरणावर परिणाम केला. जागतिक आरोग्य संघटना आज विषाणू-तपासणीलाच प्राधान्य देते, त्यामागील आधारांपैकी हा एक प्रमुख होय.

या प्रयोगाच्या नीतिमत्तेविषयी पुढे वाद झाला. तपासणी केल्याने जीव वाचतात हे ठाऊक असता एका विभागास तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेप घेण्यात आला; भारतात त्या वेळी सर्वत्र तीच स्थिती होती, असे उत्तर देण्यात आले. त्या वादाचा निवाडा करणे हा येथे उद्देश नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक निराळी गोष्ट महत्त्वाची आहे. नोंदणी असो की प्रयोग, दोहोंची अखेरची रकाने दोनच होती : रोग झाला, आणि मृत्यू झाला. ज्या स्त्रिया उपचार होऊन घरी परतल्या त्यांत तिशी-पस्तिशीच्याही होत्या. किरणोपचारानंतर पाळी कायमची गेली, मूल होण्याची आशा गेली, संसारात ताण आला, तरी गणनेच्या भाषेत त्या 'मृत नाहीत' एवढेच होते. मृत्यूची मोजणी करणे हा या प्रयोगाचा हेतूच होता आणि तो त्याने उत्तम रीतीने पार पाडला. म्हणून हा दोषारोप नव्हे. परंतु ज्या जिल्ह्याने जगाला मृत्यू टाळण्याची विद्या दिली, त्या जिल्ह्यात टळलेल्या मृत्यूनंतरच्या जीवनाचे दप्तर नाही, ही विसंगती इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये.

आणखी एक आकडा विचारात घेण्यासारखा आहे. राष्ट्रीय नोंदणीच्या २०२० सालच्या अहवालात पुरुषांतील कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात दर लाखास २६९.४ इतके सर्वाधिक, तर उस्मानाबाद व बीड या क्षेत्रात ३९.५ इतके सर्वांत कमी आढळले. या फरकाची काही कारणे खरोखरच जीवनपद्धतीत असतील. पण मुलांच्या बाबतीत कमी आकड्याने निश्चिंत होऊ नये. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात ताप, फिकटपणा आणि अंगावरचे काळेनिळे डाग यांनी होते. तापातच मूल गेले तर रोगाचे नावही लागत नाही. भारतातील नोंदींत मुलग्यांच्या मानाने मुली कमी दिसतात, याचेही कारण केवळ शरीरशास्त्रात शोधून भागणार नाही. मुलीला घेऊन मुंबईस जावयाचे की नाही, हा निर्णय नोंदणीपूर्वीच घरात झालेला असतो.

५. उपचारोत्तर चिकित्सेचा उदय

'बरे करणे पुरेसे नाही' हा विचार प्रथम अमेरिकेत मांडला गेला. ज्युलिओ द'आंजिओ या किरणोपचारतज्ज्ञाने १९७५ साली हा मुद्दा उपस्थित केला. १९८५ साली फिट्झह्यू मुलन या डॉक्टरने, जो स्वतः कर्करोगातून उठला होता, असे प्रतिपादन केले की रोगी आणि निरोगी यांच्या मधली ही एक स्वतंत्र अवस्था असून तिचेही निरनिराळे ऋतू असतात. १९९४ साली तेथे, १९७० ते १९८६ या काळात रोगनिदान झालेल्या हजारो बालरुग्णांचा आयुष्यभर मागोवा घेणारे अध्ययन सुरू झाले.

भारतात या विचाराला फार काळ वाट पाहावी लागली नाही, ही गौरवाची गोष्ट होय. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय उघडण्यात आले. 'ॲक्ट क्लिनिक' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. उपचार संपून दोन वर्षे रोग न उलटलेली मुले तेथे येतात. त्यांची उंची-वजन, हृदय, अंतःस्रावी ग्रंथी, बुद्धी, मनःस्थिती, शाळा आणि पुढे नोकरी व विवाह या सर्वांचा विचार एका ठिकाणी व्हावा, अशी ही योजना आहे. अमेरिकेतील ते मोठे अध्ययन १९९४ चे, परळचे चिकित्सालय १९९१ चे. या क्षेत्रात आपण केवळ अनुकरण केले असे म्हणता येणार नाही.

या चिकित्सेतून दिसून आले ते असे. काही औषधे, विशेषतः ज्यांना त्यांच्या रंगामुळे रोगी 'लाल औषध' म्हणतात ती, हृदयाच्या स्नायूंना दुर्बल करतात आणि ही दुर्बलता दहा-वीस वर्षांनी प्रकट होऊ शकते. मेंदूवर किरणे दिलेल्या लहान मुलांची वाढ खुंटते, स्मरण व गणित यांत ती मागे पडतात. काही औषधांनी संततिक्षमता जाते. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होते. क्वचित उपचारामुळेच दुसरा कर्करोग उद्भवतो. भारतात यात आणखी एका संकटाची भर पडली : वारंवार रक्त द्यावे लागल्याने काही मुलांना यकृतदाहाचे विषाणू जडले. दात्याच्या रक्ताची 'क' प्रकारच्या यकृतदाहासाठी तपासणी आपल्याकडे २००१ सालापासून सक्तीची झाली. त्यापूर्वी वाचलेल्या पिढीने तो धोका स्वीकारूनच जीव वाचविला होता. 'जिवावरचे बोटावर' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. फरक इतकाच की, बोट कोणते गेले हे कित्येकदा वीस वर्षांनी कळते.

२००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने या रोगमुक्त तरुणांचा एक गट स्थापन झाला आणि त्याने 'उगम' हे नाव घेतले. नाव अर्थपूर्ण आहे. त्यात रोगाचा उल्लेख नाही, युद्धाचा नाही, विजयाचाही नाही. मराठीत उगम नदीचा असतो. तेथून पुढे पाहावयाचे असते. पूर्वी बरे झालेल्याने नुकत्याच उपचार घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांसमोर उभे राहावे, हेच त्या गटाचे एक मोठे काम. तीस व्याख्यानांनी जे होणार नाही ते एका धडधाकट तरुणाच्या दर्शनाने होते.

६. प्रमाणपत्र, विमा आणि विवाह

वैद्यकीय परिणामांइतकेच सामाजिक परिणामही दूरगामी आहेत. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार गणले आहेत. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसीमिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार आहेत. कर्करोग वा त्याचे उत्तरपरिणाम स्वतंत्रपणे नाहीत. हाडाच्या कर्करोगात पाय गेला तर अस्थिव्यंग म्हणून प्रमाणपत्र मिळते. परंतु डोळ्याच्या कर्करोगात एक डोळा काढावा लागलेल्या आणि दुसरा डोळा उत्तम असलेल्या मुलाचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते आणि सवलतींची मर्यादा ४० टक्के आहे. ज्याचे हृदय दुबळे झाले त्याच्या अंगावर तर कोणतीच खूण नसते.

उपचाराच्या खर्चाबाबत राज्य सरकारने महत्त्वाचे पाऊल उचलले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यांत होते, उस्मानाबाद नव्हते. म्हणजे जुन्या संस्थानी सरहद्दीच्या खुणा एकविसाव्या शतकातही सुमारे दीड वर्ष पुन्हा उमटल्या : बार्शीच्या रोग्यास योजना लागू आणि ढोकीच्या रोग्यास नाही. २०१३ च्या अखेरीस ती सर्व राज्यात लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. अशा योजनांची रचना मुख्यतः शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार अशा ठरीव उपचारांभोवती असते. बऱ्या झालेल्या मनुष्याने दर वर्षी हृदयाची तपासणी करून घ्यावी, तीही सबंध आयुष्यभर, हे त्या रचनेत सहज बसत नाही.

खासगी विम्याच्या अर्जात पूर्वीच्या आजाराचा रकाना असतो. फ्रान्सने २०१६ साली कायदा करून ठराविक वर्षांनंतर हा आजार सांगण्याचे बंधन काढून टाकले. त्या तरतुदीला तेथे 'विस्मरणाचा अधिकार' म्हणतात. आपल्याकडे हे विस्मरण अर्जापुरते मर्यादित राहत नाही. विवाहाच्या वेळी मुलीचे लहानपणचे दुखणे सांगावे की लपवावे, हा प्रश्न घराघरांत पडतो. सांगितले तर स्थळ फिरते. लपविले तर वार्षिक तपासणीस जाणे बंद होते, कारण गेल्यास उघड होईल. म्हणजे मौनाची किंमत शेवटी शरीरच चुकविते. मुलाच्या बाबतीत हेच मौन कमी प्रमाणात असते, हे वेगळे सांगावयास नको.

७. ढोकीपर्यंतचे अंतर

आता पुन्हा ढोकीकडे वळू. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. या काळात कुटुंबातील एक जण मुलासोबत शहरात राहतो. परळच्या आसपास यासाठी धर्मशाळांची मोठी परंपरा आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, बांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मारक निवास, नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा आणि २००६ सालापासून सेंट ज्यूड बालनिवास यांनी ग्रामीण रोग्यांना आधार दिला. उपचार सोडून गावी परतण्याचे प्रमाण कमी होण्यास या आश्रयस्थानांचा आणि टाटा मेमोरियलने उभारलेल्या साहाय्यव्यवस्थेचा वाटा मोठा आहे. परंतु धर्मशाळा उपचाराच्या काळापुरती असते. रोगमुक्त माणूस पाहुणाही राहत नाही आणि रोगीही राहत नाही.

धाराशिव-बीड भागातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा कुटुंबातील बरे झालेले मूल मोठे होऊन कोयता हाती घेते तेव्हा, लहानपणी घेतलेल्या औषधाने हृदय दुबळे झाले असल्यास, मोळ्या वाहण्याचे काम त्याला झेपेल किंवा नाही हे सांगावयास कोणी नसते. दम लागला तर तो आळशी ठरतो. वर्गात गणित न सुटणारा मुलगा 'ढ' ठरतो. मेंदूवरील किरणांची आठवण त्या वेळी कोणाला राहत नाही. गावच्या डॉक्टरपुढे त्याचा कागद नसतो, आणि असलाच तर तो इंग्रजीत असतो. शाळेतील शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि आशा कार्यकर्ती या तिघांना समजेल असा मराठी कागद असावा, ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण तिचा परिणाम क्षुल्लक होणार नाही. कोणते औषध किती दिले, कोठे किरणे दिली, पुढे काय पाहावे, एवढे एका पानावर मावते.

या जिल्ह्याला 'पुनर्वसन' हा शब्द नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत तो घरोघरी पोहोचला. परंतु त्या शब्दाचा अर्थ येथे घर असा रूढ झाला : भिंती, पत्रे, नव्या वसाहतीतील क्रमांक. ढिगाऱ्यातून वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न दुय्यम राहिला. कर्करोगातून वाचलेल्यांच्या बाबतीत तर भिंतीही पडलेल्या नसतात. त्यामुळे पुनर्वसनाची गरजच कोणाला दिसत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, रोगमुक्ताच्या आयुष्याची उपेक्षा अज्ञानातून झालेली नाही. परळला १९९१ पासून हे ज्ञान आहे. ती उपेक्षा मोजणीच्या पद्धतीतून, अनुदानाच्या रचनेतून आणि 'वाचला' या पूर्णविरामासारख्या शब्दातून आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली असे उद्दिष्ट ठरविले की, २०३० पर्यंत कर्करोग झालेल्या मुलांपैकी निदान ६० टक्के जगावीत. ते साध्य झाले तर ढोकीसारख्या गावांत रोगमुक्तांची संख्या वाढतच जाणार; आणि त्यांना सांभाळण्याची तयारी उद्दिष्ट गाठण्यापूर्वी व्हावयास हवी, नंतर नव्हे.

दुसरा निष्कर्ष आशादायक आहे. खेड्यात दप्तर नाही म्हणून गणना अशक्य, असे १९८७ पूर्वी सर्वत्र मानले जात होते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी पायी हिंडून ते खोटे ठरविले. ज्या गावात ते रोग्याचा शोध घेत गेले त्याच गावात, त्याच वाटेने, बऱ्या झालेल्याची विचारपूस करीत जाणे अशक्य नाही. नोंदवहीत आणखी एक रकाना लागेल, एवढेच. त्या रकान्याचे शीर्षक काय असावे, हा भाषेच्या अभ्यासकांपुढील प्रश्न आहे. 'वाचला' याऐवजी 'कसा आहे?' असे विचारण्याची सोय त्या शब्दात असली पाहिजे. आणि त्या रकान्यात दर वर्षी काही लिहिले जाईल अशी व्यवस्था करणे, हा बाकी सर्वांपुढील प्रश्न होय.